चार शॉर्टस्टॉप, एक जागा: संघात गर्दी झाली की मांडणी कशी बदलायची

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. २०२२ च्या डिसेंबरात मेजर लीग बेसबॉलमधल्या सॅन डिएगो पाद्रेस संघाकडे हा-सॉन्ग किम, फर्नांडो टाटिस ज्युनियर आणि जेक क्रोनेनवर्थ असे शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी, उभे राहू शकणारे तिघे होते. तरी त्यांनी झँडर बोगार्ट्सला ११ वर्षांसाठी २८ कोटी डॉलर मोजून आणलं, बाकीच्यांना इकडून तिकडे हलवलं आणि २०२३ चा हंगाम ८२ विजय आणि ८० पराभवांवर संपला. म्हणजे ही जुळवाजुळव फसली, त्यापेक्षा एकदोघांना देऊन पिचर (चेंडू टाकणारा) आणायला हवा होता, असं तुमचं म्हणणं. आणि दुसरं, तुमच्या विद्यापीठाच्या संघात यंदा तीन शॉर्टस्टॉप आलेत, त्यांचं काय करू?

पहिल्या भागाशी मी सहमत नाही. पाद्रेसची फिल्डिंगची मांडणी उत्तम बसली होती. फसली ती फर्स्ट बेस आणि डीएचच्या (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणाऱ्याच्या) बॅटिंगमध्ये, आणि पिचरशी तर त्या ८२ विजयांचा काही संबंधच नव्हता. का, ते सांगतो.

आधी गर्दी खरंच आहे का ते मोजू. लोक नावं मोजतात. मी सामने मोजतो. हंगाम १६२ सामन्यांचा. कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, बाजूला ठेवा, त्याचा हिशोब निराळा. पिचर सोडून फिल्डिंगच्या सात जागा उरल्या आणि वर एक डीएच, म्हणजे रोज आठ जण. आठ गुणिले १६२ केलं की १,२९६ होतात. इतक्या वेळा कुणाचं तरी नाव सुरुवातीच्या लाइनअपमध्ये लागणार. नऊ चांगले खेळाडू असतील तर प्रत्येकाला १४४ सामने मिळतात. १४४ सामने खेळणाऱ्याला कुणी राखीव म्हणत नाही, तो पक्का नियमित. दहा असतील तर प्रत्येकी जेमतेम १३०. इथे एखाद्याचा चेहरा पडायला लागतो, पण दुखापती धरल्या तर हेही सहज खपतं. अकरावा आला की आकडा ११८ वर येतो, आणि मग खरी गर्दी झाली असं म्हणायचं. त्याच्या आत जे असतं ते साठ्यात ठेवायचं धान्य आहे, विकायचं नाही.

हे साठ्याचं म्हणणं हवेतलं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत शिकागो कब्जकडे आउटफिल्डला (लांबच्या तीन जागा: लेफ्ट, सेंटर, राइट) जेसन हेवर्ड, काइल श्वार्बर आणि होर्हे सोलेर होते. त्यात डेक्स्टर फाउलर सरावशिबिरात अचानक उगवला. तो परत येतोय याचा कुणाला पत्ता नव्हता. चार जण आणि तीन जागा. कुणाला विकणार याच्या चर्चा रंगल्या. हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात फाउलर आणि श्वार्बर चेंडूमागे धावताना एकमेकांवर आदळले, श्वार्बरच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि गर्दी संपली. कब्जनी त्या वर्षी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. श्वार्बर थेट अंतिम फेरीत डीएच म्हणून परतला आणि त्याने धुलाई केली ती वेगळी गोष्ट.

पाद्रेसच्या बाबतीतही हीच तपासणी करा. टाटिसवर २०२२ च्या ऑगस्टमध्ये बंदी असलेल्या औषधापायी ८० सामन्यांची बंदी आली होती. ती २०२३ च्या २० एप्रिलपर्यंत चालली. म्हणजे पहिले तीन आठवडे गर्दी नव्हतीच. मे महिन्यात मॅनी मचाडोच्या हाताला चेंडू लागून हाड मोडलं आणि किमला थर्ड बेसवर जावं लागलं. ऑगस्टअखेरीस क्रोनेनवर्थचं मनगट तसंच गेलं. डिसेंबरात जे जास्तीचे वाटत होते त्यांच्यातला एकही वर्षभर बाकावर बसून राहिला नाही.

आता मांडणीकडे येऊ. इथे बहुतेकांची नजर शॉर्टस्टॉपवर अडकते, कारण गर्दी तिथे होती. मी आधी रिकाम्या जागा बघतो. २०२२ संपलं तेव्हा जोश बेल, ब्रँडन ड्रुरी, विल मायर्स आणि जुरिक्सन प्रोफार हे सगळे करार संपून निघून गेले होते. म्हणजे फर्स्ट बेस रिकामं, लेफ्ट फिल्ड रिकामं, डीएचही रिकामं. गर्दी एका टोकाला आणि भगदाडं दुसऱ्या टोकाला. अशा वेळी गर्दीतला माणूस उचलून थेट भगदाडात घालता येत नाही, मधली सगळी माणसं एकेक घर सरकवावी लागतात. पाद्रेसने तेच केलं. बोगार्ट्स शॉर्टस्टॉपला. तिथला किम सेकंड बेसला. सेकंडचा क्रोनेनवर्थ फर्स्टला. टाटिस राइट फिल्डला आणि राइटला असलेला हुआन सोटो लेफ्टला. नवीन माणूस एक आला आणि चौघांची घरं बदलली.

या सरकण्याला दिशा असते. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्सने फिल्डिंगच्या जागा अवघडाकडून सोप्याकडे अशा एका ओळीत लावल्या होत्या: शॉर्टस्टॉप, सेकंड, सेंटर फिल्ड, थर्ड, राइट, लेफ्ट, फर्स्ट आणि शेवटी डीएच. या उतारावरून खाली जाणं जमतं, वर चढणं क्वचितच. म्हणून शॉर्टस्टॉपची गर्दी ही सगळ्यांत बरी गर्दी. तिथून कुठेही जाता येतं. फर्स्ट बेसवाल्यांची गर्दी झाली तर मात्र विकण्यावाचून फारसा इलाज नाही, कारण खाली फक्त डीएच उरतं. मचाडो स्वतः मूळचा शॉर्टस्टॉप. २०१२ च्या ऑगस्टमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला वर आणलं तेव्हा त्या जागी जे. जे. हार्डी होता, म्हणून पोराला थर्डवर उभं केलं, आणि त्याने तिथे दोन गोल्ड ग्लोव्ह (आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डिंगचा पुरस्कार) मिळवले. मूकी बेट्सचंही तसंच. तो बोस्टनकडे सेकंड बेसमन म्हणून वाढला, पण तिथे डस्टिन पेड्रोइया होता. २०१४ मध्ये त्याला आउटफिल्डला धाडलं आणि पुढे राइट फिल्डचे सहा गोल्ड ग्लोव्ह त्याच्या नावावर लागले.

पण उतारावर एक अट आहे. जितकं खाली जाल तितकी बॅट जड लागते. शॉर्टस्टॉपने वर्षाला १५ होम रन मारले तर मालक खूश, फर्स्ट बेसमनने तेवढेच मारले तर लोक नवीन माणूस शोधायला लागतात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा आतले तिघे थोडेथोडे सरकतात आणि कडेचा अर्धा हवेत राहतो. पाद्रेसच्या बाकावर कडेला क्रोनेनवर्थ होता. २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी तो सेकंड बेसमन म्हणून ऑल-स्टार झाला. २०२१ मध्ये २१ आणि २०२२ मध्ये १७ होम रन. सेकंडसाठी ही भरगच्च कमाई. फर्स्टला गेल्यावर २०२३ मध्ये त्याची बॅटिंगची सरासरी ०.२२९ आणि होम रन १०. त्याचं फिल्डिंग तिथे चांगलंच होतं, आधीही तो तिथे खेळलेला होता. पण संघाने सेकंडवरचा एक ऑल-स्टार मोडून फर्स्टवर एक साधारण बॅटर बसवला, आणि शिवाय त्याच हंगामाच्या तोंडावर त्याला सात वर्षांचा आठ कोटी डॉलरचा करार दिला.

त्याखालची डीएचची जागा तर आणखी वाईट. तिथे ४२ वर्षांचा नेल्सन क्रूझ आणला. जुलैत त्याला संघातून काढावं लागलं. मॅट कार्पेंटरची सरासरी ०.२०० च्या खाली राहिली. म्हणून म्हणतो, पाद्रेसकडे गर्दी ग्लोव्हची होती, बॅटची नव्हती. एवढे शॉर्टस्टॉप बघून आपल्याकडे खेळाडू उदंड आहेत असा समज झाला आणि उताराचं खालचं टोक स्वस्तात भागवलं. गर्दी नेमकी कशाची आहे, हे संघ चालवणाऱ्याने बोगार्ट्सच्या करारावर सही करायच्या आधी विचारायला हवं होतं.

तुमच्या पिचरच्या मुद्द्याला इथेच उत्तर देतो. त्या वर्षी पाद्रेसचा ब्लेक स्नेल नॅशनल लीगचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता होता, २.२५ इआरएसह, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावांची सरासरी तेवढी. संघाने ७५२ धावा केल्या आणि ६४८ दिल्या, म्हणजे १०४ जास्त. इतका फरक असणारा संघ साधारण ९२ सामने जिंकतो. पाद्रेस एका धावेने सुटलेल्या सामन्यांत ९ जिंकले आणि २३ हरले. जादा इनिंगमध्ये गेलेल्या १४ सामन्यांपैकी दोन जिंकले. यात दुर्दैव किती आणि सामन्याच्या शेवटी बाकावर धड पर्यायी बॅटर नसणं किती, यावर वाद घाला, मी दोन्हींना वाटा देतो. पण किमला देऊन सामना सुरू करणारा आणखी एक पिचर आणला असता तर हे चित्र बदललं असतं असं मला मुळीच वाटत नाही. किमने त्या वर्षी सेकंड, थर्ड आणि शॉर्ट सांभाळत १७ होम रन मारले, ३८ बेस चोरले आणि बहुपर्यायी खेळाडूसाठीचा गोल्ड ग्लोव्ह नेला. टाटिसने राइट फिल्डच्या पहिल्याच पूर्ण वर्षात गोल्ड ग्लोव्ह आणि वर लीगचा प्लॅटिनम ग्लोव्हही. फिल्डिंगची जुळवाजुळव यापेक्षा चांगली कशी जमते मला माहीत नाही.

जागा बदलताना मैदानावर नेमकं काय बदलतं, हे टीव्हीवर दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या कामालाही हाच भाग येईल.

शॉर्टवरून सेकंडवर गेलेल्या मुलाचा थ्रो छोटा होतो, ही मोठी सुटका. पण डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं) उलटा होतो. शॉर्टस्टॉप बेसकडे येतो तेव्हा धावणारा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. सेकंड बेसमन चेंडू घेतो तेव्हा धावणारा आंधळ्या बाजूने त्याच्यावर चालून येत असतो, आणि त्याला बेसवर वळून पहिल्याकडे फेकायचं असतं. हे वळण आठवड्यात येत नाही. पाय कुठे ठेवायचा, बेसच्या पुढून वळायचं की मागून, चेंडू छातीशी धरायचा की हातातल्या हातात सोडायचा, हे रोज चेंडू टाकून टाकून अंगात मुरवावं लागतं. २०२३ पासून मेजर लीगने शिफ्टवर, म्हणजे इनफिल्डरना एकाच बाजूला गोळा करण्यावर, बंदी घातली. सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर आणि पाय इनफिल्डच्या हद्दीतच, असा नियम झाला. त्याने सेकंडवाल्याला पूर्वीपेक्षा जास्त पळावं लागतं. किमसारखा शॉर्टस्टॉप तिथे ठेवणं म्हणूनच त्या वर्षी अधिक फळलं.

आउटफिल्डचा बदल वेगळ्या जातीचा. इनफिल्डरला चेंडू वाचायला वेळच नसतो, तो प्रतिक्षिप्त खेळतो. आउटफिल्डरला वेळ असतो आणि त्याच वेळेत तो चुकतो. सरळ अंगावर येणारा चेंडू सगळ्यांत फसवा, कारण तो पुढे पडणार की डोक्यावरून जाणार ते पहिल्या क्षणी कळत नाही. नवख्याला मी एकच नियम देतो: पहिलं पाऊल मागे. पुढे धावून येणं सोपं, वळून मागे धावणं अवघड. दुसरी अडचण हाताची. इनफिल्डर कानाजवळून, कधी बाजूने, झटकन फेकतो. आउटफिल्डमधून तसा फेकलेला चेंडू वाकडा वळत जातो आणि खांदाही दुखावतो. वरून, लांब हाताने, एक उडी घेऊन फेकायला शिकवावं लागतं. आणि ग्लोव्ह बदला. इनफिल्डचा ग्लोव्ह साडेअकरा इंचांच्या आसपास, आउटफिल्डचा पावणेतेरापर्यंत. मुलाला सेंटरला पाठवायचं आणि हातात इनफिल्डचाच ग्लोव्ह ठेवायचा, हे आपल्याकडच्या मैदानांवर मी इतकं पाहिलंय की आता पहिल्यांदा तेच तपासतो.

हे किती लवकर जमू शकतं याचं टोकाचं उदाहरणही पाद्रेसचंच आहे. २०२३ संपल्यावर सोटो आणि सेंटर फिल्डर ट्रेंट ग्रिशम दोघेही न्यू यॉर्क यँकीजकडे गेले. सेंटर फिल्ड रिकामं झालं. संघाकडे जॅक्सन मेरिल नावाचा २० वर्षांचा मुलगा होता, जात्याच शॉर्टस्टॉप, सेंटरचा अनुभव जवळपास शून्य. त्याला सरावशिबिरात सेंटरला उभं केलं आणि मार्चमध्ये सोलमधल्या पहिल्या सामन्यात तो तिथेच उतरला. वर्षअखेरीस सरासरी ०.२९२, २४ होम रन, आणि वर्षातल्या नवोदितांच्या मतदानात पॉल स्कीन्सच्या मागे दुसरा. याच्यावरून धडा घेऊ नका हं. असे पाय आणि असे डोळे क्वचित मिळतात. पण शॉर्टस्टॉपच्या गर्दीतून सेंटर फिल्डर काढणं ही पहिली चाचणी असावी, शेवटची नव्हे.

२०२४ च्या फेब्रुवारीत नवे मॅनेजर माइक शिल्ट यांनी आणखी एक अदलाबदल केली. बोगार्ट्स सेकंडला, किम परत शॉर्टला. २८ कोटींचा माणूस बाजूला आणि चार वर्षांसाठी २.८ कोटींवर आलेला माणूस मुख्य जागी. हे धाडस आहे. पगार बघून जागा वाटणारे संघ अनेक आहेत. यँकीजने २००४ मध्ये ॲलेक्स रॉड्रिग्झला आणलं तेव्हा तो मागच्या दोन वर्षांचा गोल्ड ग्लोव्ह शॉर्टस्टॉप होता, तरी थर्डला गेला, कारण शॉर्टला कर्णधार डेरेक जिटर होता. ग्लोव्हच्या हिशोबाने हे उलटं. ड्रेसिंग रूमच्या हिशोबाने कदाचित दुसरा मार्गच नव्हता. मी त्या निर्णयाला चूक म्हणत नाही, फक्त ते फिल्डिंगचं गणित नव्हतं एवढं लक्षात ठेवावं.

२०२४ मध्ये मेच्या सुरुवातीला लुईस अराएझ आला. तो फर्स्ट आणि डीएच करू लागला. मग बोगार्ट्सचा खांदा मोडला आणि क्रोनेनवर्थ आपल्या सेकंडला परतला. ऑगस्टमध्ये पहिल्या बेसवर सूर मारून परतताना किमचा खांदा गेला आणि बोगार्ट्स शॉर्टला आला. तीन जागांवर चार माणसं, सगळी एकाहून जास्त जागांवर आधीच खेळलेली. संघाने ९३ सामने जिंकले आणि अराएझ ०.३१४ च्या सरासरीने लीगचा फलंदाजीतला अव्वल ठरला. २०२३ मध्ये ज्याला लोक गोंधळ म्हणाले त्याच हलवाहलवीचं व्याज २०२४ मध्ये मिळालं, असं माझं मत आहे.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट: माणसाला सांगणं. २०२५ च्या फेब्रुवारीत बोस्टन रेड सॉक्सने ॲलेक्स ब्रेगमनला घेतलं. तो उत्तम थर्ड बेसमन, पण थर्डला राफाएल डेव्हर्स होता. फिल्डिंगच्या दृष्टीने निर्णय योग्यच: ब्रेगमन थर्डला, डेव्हर्स डीएचला. डेव्हर्सने आधी जाहीर नकार दिला, मग नाखुशीने मान्य केलं. मे महिन्यात फर्स्ट बेसमन ट्रिस्टन कासासच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला तेव्हा संघ परत त्याच्याकडे गेला, आता फर्स्ट खेळशील का म्हणून. तो जाहीरपणे नाही म्हणाला. १५ जूनला त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे देऊन टाकलं, आणि तिथे जुलैत हाच डेव्हर्स फर्स्टवर उभा होता. म्हणजे जागेचा प्रश्न नव्हता. वर्षातून एकदा घर बदला म्हटलं तर माणूस कुरकुरत का होईना बदलतो. दुसऱ्यांदा म्हटलं की तो विचारतो, माझं नक्की घर कुठलं? बदल एकदाच सांगा, हंगामाआधी सांगा, इतर कुणाच्या तोंडून कळू देऊ नका, आणि दुसरा बदल लागण्याची शक्यता असेल तर तीही त्याच बैठकीत बोला.

विकायचं कधी? कॅचर जास्त झाले की. कॅचरला उतारावर जागाच नाही. त्याला हलवणं म्हणजे त्याची निम्मी किंमत फेकून देणं. टोरंटो ब्लू जेजकडे २०२२ अखेर अलेहांद्रो कर्क, डॅनी जॅन्सन आणि गॅब्रिएल मोरेनो असे तीन कॅचर होते. त्यांनी मोरेनो आणि लूर्डेस गुरिएल ॲरिझोनाला देऊन डॉल्टन वार्शोला घेतलं. मोरेनोने पुढच्याच वर्षी गोल्ड ग्लोव्ह मिळवला आणि ॲरिझोना वर्ल्ड सिरीजला पोचली. म्हणून लोक टोरंटोला हसतात. मला तो सौदा वाजवीच वाटतो. गंमत म्हणजे वार्शो स्वतः कॅचरचा आउटफिल्डर झालेला. तो अपवाद, कारण त्याचे पाय कॅचरचे नव्हतेच.

विकायचा दुसरा प्रसंग नियमांमुळे येतो. २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३. उरलेल्या १३ मधून नऊ रोज खेळतात, बाकावर चार. त्यात एक दुसरा कॅचर, एक इनफिल्डर, एक आउटफिल्डर. मोकळी जागा एकच. ज्याला खालच्या लीगमध्ये पाठवायचे ऑप्शन शिल्लक आहेत त्याला साठवता येतं. ज्याचे संपलेत त्याला त्या एका जागेवर बसवा, नाहीतर सोडा.

बॅटिंग ऑर्डरबद्दल लोक रात्र-रात्र वाद घालतात, मी थोडक्यात आटोपतो. एक पायरी खाली उतरलं की हंगामात सुमारे १८ वेळा कमी बॅटिंग मिळते, कारण १६२ सामन्यांपैकी साधारण नवव्या हिश्शात सामना नेमका त्या जागेवर संपतो. दुसऱ्यावरून सातव्यावर टाकलेला माणूस ९० संधी गमावतो. नाराजाला हा आकडा दाखवला की बोलणं सोपं होतं. बाकावर बसण्यापेक्षा सातवा बराच बरा. डावे-उजवे आलटून-पालटून ठेवा, कारण २०२० पासून नव्या पिचरला निदान तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट गाठावाच लागतो. आणि दोघे एकाच जागेचे असून एक डावखुरा, एक उजवा असेल तर वाटून द्या. अर्ल वीव्हर यांनी बाल्टिमोरच्या लेफ्ट फिल्डला डावखुरा जॉन लोवेनस्टाइन आणि उजवा गॅरी रोनिकी अशी जोडी वर्षानुवर्षं चालवली. १९८२ मध्ये एकाने २४ होम रन मारले, दुसऱ्याने २१. फक्त हे लक्षात ठेवा की उजवे पिचर दोनतृतीयांशाहून जास्त असतात, त्यामुळे डावखुऱ्याच्या वाट्याला पुष्कळ जास्त सामने जातात. अर्धं-अर्धं असं त्यांना सांगू नका.

आता तुमचे तिघे. वर सांगितलेलं सामने वाटण्याचं गणित तुमच्याकडे लागू नाही. तुमची स्पर्धा चार-पाच दिवसांत आटोपते. पण आपल्या पातळीवर सगळ्यांत चांगला हात बहुधा शॉर्टस्टॉपचाच असतो आणि तोच पिचिंगही करतो. तुमच्या तिघांपैकी एक जण पिचिंग करतो असं तुम्ही लिहिलंय. तो माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) गेला की शॉर्ट रिकामं. म्हणजे दोन शॉर्टस्टॉप तुम्हाला मुळातच लागणार आहेत, तुमची गर्दी एका माणसाची आहे.

जो सगळ्यांत जास्त बोलतो, बेस मोकळा की भरलेला हे ओरडून सांगतो, त्याला शॉर्टला ठेवा, हात थोडा कमी असला तरी. पिचिंग करणारा, माउंडवर नसेल तेव्हा, सेंटरला. सेकंडला घालू नका, दिवसभर चेंडू टाकलेल्या खांद्याला वाकडे-तिकडे झटपट थ्रो नकोत. तिसऱ्याला बहुतेक प्रशिक्षक सेकंडला पाठवतील. मी फर्स्टला पाठवीन, उंची ठीक असेल तर. मेजर लीगमध्ये फर्स्ट बेस बॅटसाठी ठेवतात कारण तिथे थ्रो छातीवर येतात. आपल्याकडे ते मातीत येतात, दोन फूट बाजूला येतात, आणि चांगला ग्लोव्ह तिथे एका सामन्यात जितक्या चुका वाचवतो तितक्या सेकंडवर वाचत नाहीत. त्याला दोन आठवडे रोज मातीत आपटलेले थ्रो उचलायला लावा, पाय बेसवर ठेवूनच.

आणि तुम्ही लिहिलंय की दुसरा कॅचर नाही. तिघांपैकी कुणाला तरी आत्तापासून शिनगार्ड बांधून बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागी) बसवा, शक्यतो त्या फर्स्टवाल्यालाच. सामन्यात उभं करायची वेळ येऊ नये, पण आली तर पहिल्यांदाच मास्क घालणारा मुलगा चेंडू आला की डोळे मिटतो. फर्स्टचा मिट (खास ग्लोव्ह) मात्र आधी हातात घालून बघा. महाविद्यालयांच्या किटमध्ये बऱ्याचदा एकच असतो, आणि तो डावखुऱ्याचा निघतो.